पोट्टे आणि पोते

मंडईचे दिवस होते. दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक नाहीतर दंडार चालते आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग डोळे मिटून हजर असतो. अशा वर्गाला मी हातच्याची वजाबाकी शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं, 52 वजा 37. तिसरीत एक लाल रिबिनवाली आहे. रात्री नाटक बघूनही शाळेत न पेंगणारी ती गावातली एकमेव व्यक्ती. या हिशेबात मीही धरलेला आहे. तिनं पाटी वर केली. उत्तर 25.

"पंचवीस कसे आले गं?" मी तिच्याजवळ उकिडवा बसत विचारलं.

तिनं सांगायला तोंड उघडलं आणि खिडकीत मोबाइल थरथरला.

मोबाइल खिडकीत असतो, कारण गावात रेंज नाही. खिडकीच्या वरच्या गजाला तो सुतळीनं बांधला की एक काडी येते, आणि वारा सुटला की तीही जाते. गुरुजींच्या बदल्यांसाठी 2021 साली जो शासन निर्णय निघाला, त्यात अवघड क्षेत्र ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. त्यांतली एक आहे 'संवादछायेचा प्रदेश'. शब्द इतका गोड, की वाचताना वाटावं, इथे मोहाच्या सावलीत बसून माणसं हळू आवाजात बोलत असतील. अर्थ मात्र एवढाच की फोन लागत नाही. तर सरकारच्या एका कागदावर माझं गाव संवादछायेत आहे आणि दुसऱ्या कागदावर याच गावानं सगळी माहिती ऑनलाइन भरायची आहे, तीही तासाभरात. दोन्ही कागदांवर विश्वास ठेवणं हे माझं शासकीय कर्तव्य आहे.

निरोप असा होता: 'अतिअर्जंट. शालेय पोषण आहारातील तांदळाच्या रिकाम्या पोत्यांची मागील तीन वर्षांची माहिती आज दुपारी 12 पर्यंत लिंकवर भरावी. एकूण पोती, सुस्थितीतील पोती, फाटकी पोती, उंदरांनी कुरतडलेली पोती, हरवलेली पोती. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.'

घड्याळात अकराला पाच कमी होते. रिबिनवालीचं तोंड उघडंच होतं. मी म्हणालो, "थांब गं, आलोच." पुढचे चौदा दिवस मी तिच्याकडे आलो नाही.

आमच्या जिल्ह्यात तालुके आठ आहेत. माझा कोणता ते सांगत नाही. नोटीस नेमक्या माणसाला पोहोचावी, एवढी सोय मी माझ्या हातानं कशाला करून देऊ?

आता पोत्यांचा हिशेब सांगतो. शाळेत पोट्टे 34. पहिली ते पाचवीच्या पोट्ट्याला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे रोज 3 किलो 400 ग्रॅम. 50 किलोचं पोतं चौदा दिवस पुरतं आणि पंधराव्या दिवशी बरोबर किलोभर तांदूळ कमी पडतो. तो किलोभर तांदूळ माझ्या नोकरीतला सगळ्यात जुना सहकारी आहे. शाळेचे दिवस 200 धरले तर वर्षाला पोती निघतात साधारण चौदा. तीन वर्षांची, गैरहजर पोट्टे वजा जाता, नोंदवहीत निघाली 41. वहीत पोती नीट घडी घालून ठेवलेली होती. कोठीत मात्र हाहाकार होता.

शाळा दोन शिक्षकी. दुसऱ्या मॅडम बीएलओ असल्यामुळे त्या दिवशी मतदारयादी घेऊन गावात फिरत होत्या. म्हणून पाचही वर्ग मी कोठीसमोर बसवले आणि मोजणी सुरू केली. कृतियुक्त अध्यापन म्हणतात ते हेच, अशी मी स्वतःची समजूत घातली. एक पोतं काढलं की 34 पोट्टे एका सुरात ओरडत, "एऽऽक!" दहाच्या पुढे गेलो तेव्हा दारात सावली पडली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष उभे होते, खांद्यावर पंचा, हातात विळा. धानाची कापणी चालू होती. बांधीवरून घरी जाताना ते रोज शाळेत डोकावतात.

"का जी मास्तर," ते म्हणाले, "पोट्टे शिकवून रायले का पोते मोजून रायले?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं अचूक मूल्यमापन कुठल्याच अधिकाऱ्यानं केलेलं नाही.

पोती भरली 28. उरलेली कुठे गेली हे तसं मला माहीत होतं. एक दारात पायपुसणं होतं. दोन फुटक्या खिडकीला पडदा म्हणून टांगलेली. दोन स्वयंपाकाच्या बाईंकडे, उकळता गंज चुलीवरून उतरवायला. काही धानाच्या दिवसांत गावकऱ्यांनी मागून नेलेली. आमच्या भागात कापणी-चुरण्याच्या दिवसांत माणूस एक वेळ पैसे उसने देईल, बारदाना देणार नाही. त्या दिवसांत रिकामं पोतं मागायला आलेल्याला मी नाही म्हणालो असतो, तर गावानं मला पाणीही दिलं नसतं. आणि दोन पोती, खोटं कशाला बोलू, माझ्याच खोलीत होती.

या खोलीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. गुरुजीनं शाळेच्या गावीच राहावं, असा नियम आहे. घरभाडे भत्ता हवा असेल तर गुरुजी मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो, हे 2019 च्या शासन निर्णयानं पक्कं केलं. म्हणून मी गावात खोली घेतली. तिला कुलूप घेतलं, खाट घेतली, भिंतीवर कॅलेंडर लावलं. बायको-पोरं शहरात, तिथून मी रोज ये-जा करतो, आणि खोलीत घरमालकाच्या दोन बकऱ्या राहतात. थंडीत त्यांच्याखाली अंथरायला म्हणून ती दोन पोती. नियमाचा आत्मा बघितला तर मुख्यालयी कोणीतरी मुक्कामाला आहे. ग्रामसभेत ठराव मांडताना अध्यक्ष एवढंच म्हणाले होते, "राहतेत जी गुरुजी गावात. त्यायच्या खोलीतून रोज आवाज येते."

बाराला दहा कमी होते. 41 वजा 28 किती? माझ्या एका हातात पोतं, दुसऱ्या हातात लिंक, डोळे रेंजच्या काडीवर. मी ओरडलो, "सांगा रे पटकन, एकेचाळीसातून अठ्ठावीस गेले!"

रिबिनवालीनं सगळ्यांच्या आधी पाटी वर केली. "सत्तावीस!"

मी सत्तावीस भरलं. बटण दाबलं. 'आपली माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे. यात बदल करता येणार नाही.'

सत्तावीस चूक आहे हे मला कळलं, तेव्हा खिडकीतली काडी गेली होती.

शिक्षकानं शिकवण्याशिवायची कामं करू नयेत, असा कायदाच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अन्य कामाला लावू नये. हे कलम मला तोंडपाठ आहे. पोती मोजताना मी ते मनातल्या मनात म्हणतो, पुष्कळ लोक संकटात रामरक्षा म्हणतात तसं. पुढे 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं कामांची यादीच काढली, शैक्षणिक कोणती, अशैक्षणिक कोणती. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं पडली. चौथ्या दिवशी मला एक तक्ता आला: 'आपल्याकडे सध्या असलेल्या अशैक्षणिक कामांची माहिती तीन प्रतींत सादर करावी.' तो तक्ता भरण्यात दोन तासिका गेल्या. तक्ता भरणं हे काम कुठल्या रकान्यात लिहायचं, ते विचारायला मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "सर, लिंक वेगळी येईल."

जिल्ह्यात मोजण्यासारखं जे जे आहे ते आम्ही मोजून झालोय. पोट्टे, त्यांची वजनं, उंची, आधार, त्यांच्या घरचे संडास, मतदार, आणि आता पोती. सारस पक्षी महाराष्ट्रात आमच्याकडे सापडतो. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्याचीही गणना होते आणि ती पक्षिप्रेमी लोक हौसेनं, पहाटे उठून करतात. मास्तर न लावता पार पडणारी ती एकमेव मोजणी. सारस वाचला तो त्यामुळेच, असं माझं मत आहे.

काही काळ आम्ही छायाचित्रकारही होतो. 2016 च्या नोव्हेंबरात आदेश निघाला की सोमवारी दहा-दहा पोट्ट्यांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि सरल प्रणालीवर टाकायचा. शाळेत न येणारी पोरं त्यामुळे शाळेत येतील, असा हिशेब होता. पोरं आली. सेल्फी झाल्यावर गेली. तो आदेश पुढे बारगळला, पण सवय राहिली. आता पोट्ट्याला हात धुवायला सांगितलं तर तो आधी कॅमेऱ्याकडे बघतो.

मग अंडं आलं. 2023 च्या नोव्हेंबरात ठरलं, आठवड्यातून एकदा प्रत्येक पोट्ट्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी हजेरी अशी काही भरे की शाळेत नाव नसलेली दोन पोरंही हात धुऊन रांगेत. अंड्याला नाही म्हणणारे होते तिघे. दुसऱ्या आठवड्यात केळं खाऊन त्यांनी अंडंही मागितलं. "तुम्ही खात नाही ना रे?" तर म्हणाले, "घरी नाई खात जी." 2025 च्या जानेवारीत अंड्यांचे पैसे थांबले आणि अंडी लोकसहभागातून द्यावीत असं कळवण्यात आलं. मी पालकसभा घेतली, लोकसहभागाचं महत्त्व पटवलं. सभा संपल्यावर एक आजी काठी टेकत आल्या. "गुरुजी, लोकायचं सोडा. माही कोंबडी तयार हाये का, ते इचारून सांगतो उद्या." त्यांनी खरंच अंडं आणलं. एक. ते 34 जणांत कसं वाटायचं, हा अपूर्णांकाचा सुंदर पाठ झाला असता, पण तेवढ्यात कुणाच्या तरी आधारची माहिती मागवली गेली.

आधारचं तर बोलूच नका. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात पोट्टा 'रोहित', आधारवर 'रोहीत', आणि बापाच्या तोंडी 'बाल्या'. यंत्राला तिघं वेगळे वाटतात. आईला दुरुस्तीसाठी तालुक्याला नेलं, तर महिनाभर रोवणी करून तिच्या अंगठ्याच्या रेषा चिखलात गेलेल्या. यंत्र म्हणतं, पुन्हा लावा. पाच वेळा लावून झाल्यावर ती बाई मलाच म्हणाली, "गुरुजी, तुमीच लावा ना जी अंगठा, तुमचा कोरा हाये." मोठा घाव होता तो. अठ्ठावीस वर्षं खडू धरूनही माझा अंगठा कोरा राहिला होता.

पोत्यांच्या माहितीवर दोन दिवसांनी खुलासापत्र आलं. 'आपल्या शाळेने एकूण पोती 41, शिल्लक 28 व हरवलेली 27 दर्शविली आहेत. 28 व 27 यांची बेरीज 55 होते. उर्वरित 14 पोती कोठून आली, याचा लेखी खुलासा तात्काळ करावा.'

जगात पहिल्यांदा एका माणसावर पोती हरवल्याचा आणि वाढल्याचा आरोप एकाच पत्रात झाला होता.

अध्यक्षांना हे कळायला वेळ लागला नाही, कारण रिबिनवाली त्यांची पुतणी. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, शाळेतले सत्तावीस पोते गेले. ते पारावरच मला भेटले.

"वजाबाकी चुकली म्हणते जी तुमची?"

"घाईत झालं, भाऊ."

त्यांनी तंबाखू मळत थोडा विचार केला. "मंग म्हूनच तुमची परीक्षा घेऊन रायले का सरकार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण परीक्षा खरंच होती.

1 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे शिक्षकदिनाच्या चार दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकानं टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण असलंच पाहिजे, मग तो कितीही वर्षं नोकरीत असो. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर घरी जायचं. ज्यांची पाचपेक्षा कमी उरली ते परीक्षेविना राहू शकतात, फक्त पदोन्नती मागायची नाही. चार दिवसांनी मुलांनी मला गुलाबाचं फूल दिलं. ते मला सांत्वनाला दिल्यासारखं वाटलं.

माझी नोकरी किती उरली? मी लगेच जन्मतारीख काढली. 1 जुलै 1973. आमच्या पिढीतलं निम्मं गाव 1 जुलैला जन्मलेलं आहे, कारण आमच्या जन्माची वेळ आमच्या आयांनी नाही, गुरुजींनी ठरवलेली आहे. आई मला शाळेत घालायला घेऊन गेली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "पोरगं कधीचं?" आई म्हणाली, "दुष्काळाच्या सालचं जी, धान करपलं होतं तेव्हाचं." आता तो दुष्काळ बाहत्तरला लागला आणि त्र्याहत्तरपर्यंत रेंगाळला. गुरुजींनी टाक शाईत बुडवला, क्षणभर छताकडे पाहिलं आणि लिहिलं 1973.

तो क्षण मला महाग पडला. त्र्याहत्तरप्रमाणे मी 30 जून 2031 ला निवृत्त होतो, म्हणजे निकालाच्या दिवशी पाच वर्षं दहा महिने उरलेले. गुरुजींनी बाहत्तर लिहिलं असतं, तर चार वर्षं दहा महिने, आणि मी सुटलो असतो. दुष्काळाची झळ इतकी वर्षं टिकते, हे इतिहासाच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. आई आज ऐंशीच्या पुढे आहे. तिला विचारलं, "आई, नक्की सुरुवातीला का शेवटी?" ती म्हणाली, "मले का मालूम बापा, मी दवाखान्यात कॅलेंडर पायत होतो का?"

याआधी सरकारनं माझ्या आयुष्यात एकदाच काही फुकट केलं होतं. मी नोकरीला लागलो भंडारा जिल्ह्यात. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि मी खुर्चीवर बसल्या बसल्या दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. संवर्ग नाही, प्राधान्यक्रम नाही, पोर्टल नाही. आंतरजिल्हा बदलीसाठी वर्षानुवर्षं तळमळणारे सहकारी हे ऐकतात तेव्हा माझ्याकडे पुढाऱ्याचा भाचा असल्यासारखं बघतात.

तर अभ्यास सुरू झाला. बाजारात माझा एक जुना विद्यार्थी झेरॉक्सचं दुकान चालवतो. डीएड झालेला, टीईटी दोनदा पास, आणि काही वर्षांपासून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेला. म्हणजे तो पात्र आहे पण त्याला शाळा नाही, आणि मला शाळा आहे पण मी पात्र नाही. आम्ही दोघं मिळून एक पूर्ण शिक्षक होतो. त्यानं मला झेरॉक्सच्या भावात शिकवायचं कबूल केलं.

"सर, दीडशे प्रश्न, दीडशे गुण. नव्वद मिळाले की तुम्ही पास. बालमानसशास्त्राला तीस. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडायची नाही."

"निरंक नाही चालत?"

"सर, निरंक विसरा आता."

सोपं नव्हतं ते. पंधरा वर्षं निरंक लिहून माझं मनगट त्या वळणाचं झालं होतं.

पहिल्या आठवड्यात मी गृहपाठ केला नाही. त्यानं वही बघितली, मान हलवली. मी म्हणालो, "अरे, पोती मोजत होतो." त्यानं शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "सर, कारणं सांगू नका. ज्याला करायचं असतं तो वेळ काढतो." हे वाक्य मी त्याला सातवीत सांगितलं होतं. वीस वर्षांनी त्यानं ते व्याजासकट परत केलं. दुकानात झेरॉक्सला आलेली दोन पोरं हे ऐकून हसली. त्यांतला एक माझ्या चौथीतला होता.

बालमानसशास्त्र वाचताना मला अगदी भरून यायचं. त्या पुस्तकातला शिक्षक काय सुखी माणूस! त्याच्याकडे एकच वर्ग असतो. पोट्टा काही विचारतो, शिक्षक थांबतो, कुतूहलाला वाव देतो. त्याच्या खिडकीत मोबाइल बांधलेला नसतो. सराव प्रश्नसंचात एक प्रश्न होता: 'मूल वजाबाकीत वारंवार एकाच प्रकारची चूक करत असल्यास शिक्षकाने प्रथम काय करावे?' पर्याय चार. जास्त सराव द्यावा. पालकांना बोलवावे. उत्तर कसे काढले हे मुलाला विचारून घ्यावे. वरच्या मुलाशेजारी बसवावे.

मी रुबाबात तिसऱ्या पर्यायावर खूण केली. "शाब्बास सर," झेरॉक्सवाला म्हणाला. शाब्बास ऐकून मला चहा घ्यावासा वाटला, पण अर्ध्या कपात लाल रिबिन आठवली. मी विचारलं तर होतं, पंचवीस कसे आले गं. ऐकायचं राहिलं होतं.

23 नोव्हेंबर, रविवार. परीक्षेचं केंद्र शहरात. गेटवर झडती घेणाऱ्या तरुणानं विचारलं, "काका, मुलीचा नंबर कोणत्या खोलीत आहे?" मी म्हणालो, "मुलगी घरी आहे, नंबर माझाच आहे." त्यानं माझी झडती जरा हळुवार घेतली. आत गेलो तर खोलीत निम्मे चेहरे विशीतले, निम्मे माझ्यासारखे, चष्मा वर-खाली करणारे. बाक लहान होता, गुडघे मावेनात. शेजारच्या बाकावर दुसऱ्या शाळेतल्या एक ज्येष्ठ मॅडम होत्या. घंटा होण्याआधी त्या माझ्याकडे झुकल्या. मला वाटलं, एखादं सूत्र विचारतील. त्या कुजबुजल्या, "सर, तुमच्याकडे पोती किती निघाली?"

पेपर कसा गेला ते विचारू नका. मी मुलांना हा प्रश्न विचारायचो तेव्हा तीही अशीच जमिनीकडे बघायची.

सोमवारी शाळेत आलो तर व्हरांड्यात पोत्यांचा ढीग. शाळेतले सत्तावीस पोते गेले आणि गुरुजीवर बालंट आलं, ही खबर गावाला लागली होती. धान चुरून झालेल्यांनी पोती झटकून आणली. स्वयंपाकाच्या बाईंनी दोन धुऊन आणली. घरमालकांनी बकऱ्यांखालची काढून आणली. त्यांना मात्र कोणी झटकलेलं नव्हतं. पायपुसणं आणि पडदे तेवढे जागच्या जागी राहिले. आजी, कोंबडीवाल्या, एक पोतं घेऊन आल्या, जे शाळेचं नव्हतंच. "असू द्या जी गुरुजी. सत्तावीस म्हणजे लय झाले, तुमची नोकरी जाईन."

मोजली. पोती भरली 43. हरवली होती तेरा, परत आली पंधरा.

त्या दिवशी वारा होता. खिडकीतली काडी गेली होती, मोबाइल मुका होता. मी दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधले. चार गठ्ठे आणि तीन सुटी पोती. दोन जादा पोती मी बाजूला अंथरली. एकावर रिबिनवालीला बसवलं, दुसऱ्यावर मी बसलो.

"आता सांग. परवा सत्तावीस कसे आले?"

"परवा नाई जी, चौदा दिवस झाले." हिशेबाच्या या भागात ती पक्की आहे.

"बरं. कसे आले?"

"एकातून आठ जात नव्हते. म्हून मी आठातून एक काढला."

"पण असं कसं चालेल?"

तिनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "उत्तर तं द्याच लागते ना जी. तुमी बारा वाजले म्हणून ओरडून रायले होते."

मी गप्प बसलो. एवढ्या सगळ्या लिंका मी ज्या पद्धतीनं भरत आलोय, ती पद्धत नऊ वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात सांगून टाकली होती.

समोर चार गठ्ठे आणि एक सुटं पोतं, म्हणजे 41. "यातून अठ्ठावीस मला दे," मी म्हणालो. तिनं दोन गठ्ठे ओढत आणून माझ्यासमोर टाकले. वीस झाले. आता हवी होती आठ सुटी, आणि सुटं होतं एकच. ती कंबरेवर हात ठेवून ढिगाकडे बघत राहिली. बाकीचे 33 पोट्टे श्वास रोखून. मला सांगायचा मोह झाला, पण प्रश्नसंचातला तिसरा पर्याय आठवून जीभ चावली.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "एका गठ्ठ्याची सुतळी सोडू का?"

"सोड."

तिनं दातांनी गाठ सोडली. दहा पोती भसकन पसरली, धुळीचा लोट उठला, सगळा वर्ग शिंकला. अकरातून आठ तिनं मोजून माझ्या मांडीवर टाकली. उरलं काय? एक गठ्ठा आणि तीन. ती उठली आणि कोणी न सांगता फळ्याशी गेली. 52 वजा 37 लिहिलं, मनातल्या मनात एक सुतळी सोडली आणि खाली लिहिलं 15.

तेवढ्यात वारा पडला. खिडकीत काडी आली आणि मोबाइल थरथरला: 'पोत्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून अक्षांश-रेखांशासह फोटो आत्ताच टाकावेत. गठ्ठे सुटलेले नसावेत. जादा पोती आढळल्यास स्वतंत्र खुलासा द्यावा.'

मी सभोवार पाहिलं. गठ्ठा सुटलेला, पोती वर्गभर, तीन पोरं एकाच पोत्यात शिरून सशाच्या उड्या मारत होती. रिबिनवाली परत आपल्या पोत्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "गुरुजी, अजून एक द्या ना."

"थांब गं, आलोच," हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मी तिला 63 वजा 48 दिलं. मग बसल्या जागेवरूनच लिंक उघडली आणि जादा पोत्यांच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन्ही पोत्यांवर माणसं बसली होती.